चर बुजतो, मिटत नाही

शेताच्या बांधावरची भांडणं आपल्याला नवीन नाहीत. शेजाऱ्यानं दर नांगरटीला बांध वीतभर कोरला, ही तक्रार तालुक्याच्या कोर्टात पिढ्यानपिढ्या चालते. शेवटी मोजणीदार येतो, जुना नकाशा उलगडतो आणि हद्द कायम करून देतो. पण समजा, नकाशाच नाही. लिहिलेलं एक अक्षर नाही. बांध कधीच सपाट झाला आहे आणि त्यावरून दोन-अडीच हजार वर्षं नांगर फिरला आहे. अशा ठिकाणी साडेतीन हजार वर्षांपूर्वीची हद्द शोधता येईल का?

येते. इंग्लंडमधले पुरातत्त्वज्ञ गेली शंभर वर्षं हे काम करत आहेत, आणि त्यांना ते शक्य झालं याचं कारण तिथली हद्द घालण्याची रीत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हद्द म्हणजे मातीचा किंवा दगडांचा बांध. इंग्लंडच्या सखल, पाणथळ भागात मात्र आधी चर खणायचा, निघालेली माती त्याच्या कडेला टाकून बांध घालायचा आणि बांधावर काटेरी झुडपांचं कुंपण लावायचं, अशी पद्धत होती. चरातून पाणी वाहून जायचं, बांधाला माती मिळायची आणि जनावरंही अडायची. बांध हा जमिनीच्या वर असतो, म्हणून तो नांगरानं जातो. चर जमिनीच्या खाली असतो, म्हणून तो राहतो.

चर बुजला तर तो राहतो कसा, असा प्रश्न इथे वर्गातला एखादा मुलगा नक्की विचारेल. प्रश्न अगदी रास्त आहे. एक मीटर खोल चर खणला असं धरा. वरचा वीत-दीड वीत थर काळसर, भुसभुशीत, कुजलेल्या पाल्याचा. खाली गोटे आणि वाळू, किंवा पांढरा खडूचा दगड. खणताना हे सगळं वर आलं. पुढे चर बुजत गेला तो वाऱ्यापावसानं आत आलेल्या बारीक मातीनं, गाळानं, पाल्यापाचोळ्यानं. म्हणजे चरात परत गेलं ते मूळचं नव्हे. गोट्यांच्या थरात बारीक, ओल धरणाऱ्या मातीची एक लांबच लांब पट्टी तयार झाली. वरून शेत सपाट दिसेल, पण नांगराच्या फाळाखालची ही पट्टी कुणालाही पुसता येत नाही.

ही पट्टी शोधायला पुरातत्त्वज्ञांना पहिली मदत झाली ती पिकाची. बार्ली, म्हणजे सातू, किंवा गहू यांची मुळं मीटरभर किंवा त्याहूनही खोल जातात. पाऊस भरपूर असेल तर सगळं शेत सारखंच हिरवं. मे-जूनमध्ये पावसानं ताण दिला की फरक पडू लागतो. गोट्यांच्या जमिनीतलं पाणी लवकर संपतं आणि तिथलं पीक पिवळं पडतं. जुन्या चरावरच्या रोपांची मुळं मात्र गाळाच्या ओलीपर्यंत पोचलेली असतात. ती रोपं उंच वाढतात आणि उशिरापर्यंत हिरवी राहतात. पिवळ्या शेतात हिरव्या रेघा उमटतात. जमिनीखाली भिंत असेल तर याच्या उलट होतं. मुळांना माती कमी मिळते आणि पीक खुरटतं. या खुणांना आपण पीकखुणा म्हणू.

पीकखुणा लोकांना पूर्वीपासून माहीत होत्या. केंटमधल्या रिचबरो इथल्या रोमन अवशेषांवर धान्य कुठे विरळ उगवतं, याची नोंद विल्यम कॅम्डेननं सोळाव्या शतकाच्या अखेरीस केली होती. तिथल्या लोकांनी त्या विरळ पट्ट्यांना एका संताच्या क्रुसाचं नाव दिलं होतं. पण शेताच्या कडेला उभं राहिलं तर हिरवे ठिपके दिसतात, आकृती दिसत नाही. सतरंजीवर बसलेल्या मुंगीला तिच्यावरची नक्षी कळत नाही, तसंच हे. नक्षी दिसायला वर जावं लागतं.

वर जाऊन पाहण्याच्या या शास्त्राचा पाया घालणारा माणूस जन्मानं मुंबईकर. ओ. जी. एस. क्रॉफर्ड १८८६ साली मुंबईत ब्रीच कँडीला जन्मला. वडील ठाण्याला न्यायाधीश होते. तो काही दिवसांचा असतानाच आई वारली आणि अगदी तान्हेपणीच त्याची रवानगी इंग्लंडला आत्यांकडे झाली. पहिल्या महायुद्धात तो हवाई दलात निरीक्षक होता. विमानातून जमीन कशी दिसते ते त्यानं तिथे पाहिलं. युद्धानंतर ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशे काढणाऱ्या सरकारी खात्यात तो पहिला पुरातत्त्व अधिकारी झाला. १९२२ साली हँपशायर भागाची हवाई दलानं घेतलेली छायाचित्रं त्याच्यासमोर आली. वैमानिकांनी ती सरावासाठी काढली होती. त्यांत टेकड्यांच्या उतारांवर लहान लहान चौकोनी शेतांचं जाळं पसरलेलं होतं, आणि आताच्या शेतांच्या हद्दींशी त्याचा काहीच मेळ नव्हता. पुढच्याच वर्षी आणखी गंमत झाली. स्टोनहेंजच्या प्रसिद्ध दगडी वर्तुळाकडे जाणाऱ्या प्राचीन मार्गाचा एक भाग नांगरटीत नाहीसा झाला होता. १९२१ सालच्या छायाचित्रांत क्रॉफर्डला त्या जागी दोन समांतर रेघा दिसल्या. त्या मार्गाच्या दोन्ही कडांचे चर असणार, असं त्यानं म्हटलं आणि सप्टेंबर १९२३ मध्ये तिथे खणून पाहिलं. चर होते.

तेव्हापासून कोरडा उन्हाळा ही तिथल्या पुरातत्त्वज्ञांची सुगी. १९७६ आणि २०१८ या दोन दुष्काळी वर्षांत ब्रिटनमध्ये विमानांतून आणि अलीकडे ड्रोनमधून पूर्वी न दिसलेल्या कितीतरी खुणा टिपल्या गेल्या. शेतकरी कपाळाला हात लावून बसलेला आणि पुरातत्त्वज्ञ वर घिरट्या घालतोय, असं हे जरा चमत्कारिक दृश्य!

पीक नसेल तरी काम अडत नाही. वरच्या मातीतल्या लोहाच्या संयुगांवर चुलीच्या, जाळाच्या उष्णतेचा आणि सूक्ष्मजीवांचा परिणाम होऊन ती माती खालच्या थरापेक्षा किंचित जास्त चुंबकीय होते. अशी माती चरात साचली की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात तिथे बारीकशी वाढ होते. ब्रिटनमध्ये पृथ्वीचं क्षेत्र सुमारे ४९,००० नॅनोटेस्ला असतं. चरामुळे पडणारा फरक त्यात अवघा काही नॅनोटेस्लांचा. तरीही तो मोजता येतो. ऑक्सफर्डच्या मार्टिन एटकिन यांनी १९५८ साली पीटरबरोजवळच्या वॉटर न्यूटन इथे चुंबकत्वमापी वापरून जमिनीत पुरलेली रोमन भट्टी शोधली आणि ही पद्धत रुळली. आज हे उपकरण हातात धरून किंवा गाड्यावर लावून शेतात सरळ रांगांत फिरवतात आणि संगणक त्याचा नकाशा काढतो. त्यात चर गडद रेघांसारखे दिसतात.

रेघ सापडली, पण ती किती जुनी? हे ना छायाचित्र सांगतं, ना चुंबकत्वमापी. दोनशे वर्षांपूर्वीचा चर आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा चर वरून सारखेच हिरवे दिसतात. त्यासाठी खणावंच लागतं. आणि खणल्यावर चरातल्या मातीचा अर्थ लावायचा तर चर मुळात कसा बुजतो हे ठाऊक हवं. आता हे कळणार कसं? साडेतीन हजार वर्षं थांबून पाहणारा कोण!

काही शास्त्रज्ञांनी निदान सव्वाशे वर्षं थांबायचं ठरवलं. ब्रिटिश असोसिएशनच्या एका समितीनं १९६० साली विल्टशायरमधल्या ओव्हरटन डाउन या खडूच्या टेकडीवर एक नवा चर खणला. सुमारे दीड मीटर खोल, कडा नीट तासलेल्या. निघालेल्या खडूचा शेजारी बांध घातला. बांधाच्या पोटात कापड, कातडं, लाकूड, हाडं अशा वस्तू मोजून-मापून पुरल्या. मग तो तसाच सोडून दिला. २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि १२८ वर्षांनी त्याचा एकेक छेद घेऊन पाहायचा, असा बेत. शेवटचा छेद २०८८ साली यायचा आहे. म्हणजे ज्यांनी चर खणला, त्यांच्यापैकी कुणीही तो पाहणार नाही.

पण फार थांबायची गरज पडलीच नाही. सर्वांत मोठा बदल पहिल्या काही वर्षांतच झाला. हिवाळ्यात खडूच्या भेगांतलं पाणी गोठून फुगलं, कडांचे तुकडे निखळले आणि तळाशी कोपऱ्यांत त्यांचे ढीग झाले. वरच्या काठाची हरळी आधार सुटल्यावर ढेकळांनी खाली पडली. कडा कलल्या, गवत रुजलं आणि मग पडझड जवळजवळ थांबली. पुढची माती आली ती मुंगीच्या पावलांनी. उभ्या कडांचा चर काही वर्षांत पसरट होतो आणि नंतर शेकडो वर्षं नुसता खोलगट पट्टा म्हणून राहतो.

खणणाऱ्याच्या दृष्टीनं याचा अर्थ मोठा आहे. तळाच्या भरड थरात सापडलेली वस्तू चर खणल्यानंतर थोड्याच वर्षांत तिथे पडलेली असते. वरच्या बारीक मातीतली वस्तू मात्र हजार वर्षांनंतरचीही असू शकते. कांस्ययुगातल्या चराच्या वरच्या थरात रोमन खापर सापडलं म्हणून चर रोमन ठरत नाही. रोमन काळात तो खोलगट होता आणि कुणीतरी फुटकं मडकं त्यात फेकलं, एवढंच ठरतं. उलटी फसगतही होते. आधीच शेतात पडलेलं जुनं खापर पावसाबरोबर नव्या चरात येतं आणि चर आहे त्याहून जुना वाटतो. म्हणून कार्बन-१४ च्या परीक्षणासाठी सुटं हाड घेण्यापेक्षा सांध्याला सांधा जुळलेली हाडं मिळाली तर पाहतात. मांस, स्नायू शाबूत असताना पडलेला पायच असा सांधेसकट राहतो. तो दुसरीकडून वाहत आलेला नसतो. काहीच न मिळालं तर गाळातल्या वाळूचे कण कामी येतात. वाळूच्या कणावर शेवटचं ऊन कधी पडलं ते प्रयोगशाळेत त्याची दीप्ती मोजून सांगता येतं.

हा पडझडीचा प्रयोग शाळेत करून पाहण्याजोगा आहे. आवाराच्या कोपऱ्यात मे महिन्यात हातभर खोल, सरळ कडांचा छोटा चर खणा. माती एकाच बाजूला टाका. जूनपासून दर मोठ्या पावसानंतर मुलांकडून खोली आणि तोंडाची रुंदी मोजून घ्या, चित्र काढून घ्या. दिवाळीच्या सुमाराला तो आडवा कापला की दोन्ही बाजूंचा गाळ सारखा नाही हे मुलांना आपोआप दिसेल. बांधाच्या बाजूनं जास्त माती घसरलेली असते. मुरलेला पुरातत्त्वज्ञ नेमकं हेच पाहतो: बांध आज नाही, पण चराच्या छेदात गाळ एका अंगाला झुकलेला आहे, तेव्हा बांध त्या अंगाला होता.

प्रत्यक्ष खणताना आधी यंत्रानं, दात नसलेल्या सपाट फावड्यानं, वरची नांगरटीची माती हलकेच खरवडून काढतात. फिकट गोट्यांवर चराची काळसर पट्टी दिसू लागते. ती पूर्ण उपसत नाहीत. ठरावीक अंतरावर आडवे छेद घेतात. दोन चर एकमेकांना छेदतात तिथे विशेष काळजी घेतात, कारण जो चर दुसऱ्याचा गाळ कापून जातो तो नंतरचा. चराची टोकंही महत्त्वाची. चर जिथे मुद्दाम थांबवलेला असतो तिथे वाट होती. आणि गाळ भरलेल्या चरात पुन्हा खणल्याची खूण, म्हणजे जुन्या आकृतीत नवी अरुंद आकृती, दिसली तर समजायचं की ही हद्द कुणीतरी राखत होतं.

या सगळ्यात वस्तू किती सापडतात? फारच थोड्या. दिवसभर खणून चार खापरं आणि एक दात मिळाला तरी नशीब. त्यामुळे शेताचे चर हा पुष्कळ काळ पुरातत्त्वात दुर्लक्षित विषय होता. थडगी, किल्ले, सोनंनाणं यांच्यापुढे त्यांना कोण विचारतो! पण हे चर माणसांच्या निर्णयांचा पुरावा आहेत. इथून जनावरं न्यायची, इथे थांबवायची, ही बाजू तुमची, ती आमची. असा पुरावा थडग्यात मिळत नाही.

पूर्व इंग्लंडमधल्या पीटरबरो शहराच्या कडेला फेनगेट म्हणून भाग आहे. एका बाजूला कोरडी गोट्यांची जमीन, दुसऱ्या बाजूला फेन म्हणजे दलदल. साठच्या दशकाच्या अखेरीस पीटरबरोचा विस्तार करायचं ठरलं आणि फेनगेटच्या शेतांवर कारखाने येणार हे नक्की झालं. १९७१ ते १९७८ या काळात फ्रान्सिस प्रायर यांनी तिथे खोदकाम केलं. आधी पिकांतून दिसलेल्या रेघांखाली कांस्ययुगातली, इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकातली शेतं निघाली. लांबलचक जोडचर दलदलीच्या काठाशी काटकोनात जात होते. त्यांच्या मधला पट्टा म्हणजे गुरांची वाट. वाटेच्या दोन्ही बाजूंना चौकोनी शेतं.

शेतं म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे पीक येतं. पण फेनगेटला जनावरांची हाडं होती आणि धान्याच्या खुणा कमी होत्या. शिवाय एक गोष्ट नजरेत भरत होती. पुष्कळ शेतांची वाट बाजूच्या मध्यावर नव्हती, कोपऱ्यात होती. नांगर घेऊन जायचं तर वाट कुठेही चालेल. कोपराच का?

प्रायर स्वतः मेंढ्या पाळत. मेंढरं हाकलणाऱ्या कुणालाही याचं उत्तर ठाऊक असतं. आपल्याकडच्या धनगरालाही असेल. मोकळ्या शेतात पसरलेला कळप मधल्या फाटकातून काढायला गेलं की अर्धी मेंढरं फाटकाच्या पलीकडे पळतात. तेच फाटक कोपऱ्यात असलं की कुंपणाच्या कडेकडेनं जाणारा कळप आपोआप तिथे गोळा होतो. अरुंद होत जाणारे काही मार्ग आणि लहान आवारं यांचा अर्थही मग लागला: कळप एकेरी रांगेत आणायचा, मोजायचा, कुणाची मेंढरं कुठली ते वेगळं काढायचं. प्रायर यांनी १९९६ साली हे विवेचन ‘ॲन्टिक्विटी’ या नियतकालिकात मांडलं. ते नियतकालिक १९२७ साली सुरू केलं होतं, ते आपल्या मुंबईकर क्रॉफर्डनं.

त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा: हिवाळ्यात दलदल पाण्याखाली, तेव्हा जनावरं वरच्या कोरड्या शेतांत, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जोडचरांच्या वाटांनी खाली हिरव्या कुरणांत. सगळे संशोधक हे पूर्ण मान्य करतात असं नाही. काही शेतांत पीकही घेत असतील, हा आक्षेप मला रास्त वाटतो. एकाच शेतात पीक काढून नंतर मेंढ्या बसवणं आपल्याकडेही चालतंच. तरी कोपऱ्यातल्या फाटकांचा पुरावा बाजूला सारता येत नाही.

१९८२ साली याच परिसरात पाण्याच्या एका चराच्या काठानं जाताना प्रायर यांचा पाय लाकडाला अडखळला. ओक लाकडाचं ते टोक त्या चिखलात फार खोल होतं, म्हणजे फार जुनं असणार. खणल्यावर फेनगेटच्या कोरड्या जमिनीपासून दलदल ओलांडून जाणाऱ्या खांबांच्या रांगा सापडल्या, सुमारे एक किलोमीटर लांब. हे ठिकाण फ्लॅग फेन. लाकडाच्या वाढीच्या कड्यांवरून त्याचा काळ ठरला, इ. स. पू. १३०० ते ९०० च्या आसपास. खांबांच्या रांगा फेनगेटच्या गुरांच्या वाटेच्या दिशेनंच निघतात. म्हणजे जमिनीवर आखलेली व्यवस्था लोकांनी पाण्यातही पुढे नेली होती.

इथे एक मोठा प्रश्न उभा राहतो. ब्रिटनमध्ये शेती आणि पशुपालन इ. स. पू. ४००० च्या सुमारास आलं. पण सखल भागात चरांनी आखलेली शेतांची मोठमोठी जाळी दिसतात ती इ. स. पू. १६००-१५०० नंतर. मधली दोन हजारांहून अधिक वर्षं लोकांनी अशा हद्दींशिवाय काढली. मग एकाएकी जमीन का वाटावी लागली? माणसं वाढली? कळप वाढले? की जमिनीवर हक्क सांगणाऱ्या बलवान घराण्यांचं हे काम? दक्षिण इंग्लंडमधल्या अशा शेतांचा आढावा घेणारे डेव्हिड येट्स यांचा कल शेवटच्या उत्तराकडे आहे. कळप म्हणजे संपत्ती आणि संपत्ती म्हणजे सत्ता, असं ते २००७ सालच्या आपल्या पुस्तकात मांडतात. मला वाटतं, इथे जरा सावध राहावं. चर दिसला की मालक दिसला असं नव्हे. गावानं मिळून खणलेला चरही असाच दिसेल आणि सरदारानं वेठीला धरून खणवलेलाही असाच. मालकी मातीत उतरत नाही. पुन्हा पुन्हा उपसलेला चर एवढंच सांगतो, की ती रेघ अनेक पिढ्यांना मान्य होती किंवा मानावी लागत होती.

नावानंही फसायला होतं. क्रॉफर्डनं छायाचित्रांत पाहिलेल्या शेतांना ‘केल्टिक शेतं’ हे नाव पडलं. पुढे कळलं, की त्यांतली पुष्कळशी कांस्ययुगात सुरू झाली होती. नाव मात्र अजून पुस्तकांत आहे.

या चरांना आज धोका आहे तो खोल नांगरटीचा. ट्रॅक्टरचा फाळ दर काही वर्षांनी थोडा अधिक खोल गेला, की चराचा वरचा भाग कापला जातो. उथळ चर तर तळासकट जातात. बांधकामाच्या बाबतीत इंग्लंडमध्ये १९९० साली सरकारी मार्गदर्शक धोरण आलं आणि जो जमिनीवर बांधणार त्यानंच आधीच्या पुरातत्त्वीय तपासणीचा खर्च उचलायचा, ही रीत पडली. लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या पाचव्या टर्मिनलखालची कांस्ययुगीन शेतं अशीच, बांधकामाआधी, मोठ्या क्षेत्रावर उघडून पाहता आली. शेतकऱ्याच्या नेहमीच्या नांगरटीला मात्र ही रीत लागू नाही.

आपल्याकडे अशा पीकखुणा दिसतील का, हे विचारलं जाणारच. दख्खनच्या खोल काळ्या जमिनीत कठीण आहे. ती स्वतःच ओल धरून ठेवते, त्यामुळे चरावरच्या आणि बाजूच्या पिकात फारसा फरक पडत नाही. शिवाय उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात, वरची माती आत जाते, पावसात ती फुगते आणि थर ढवळले जातात. मुरमाड, हलक्या जमिनीत आशा जास्त. बुजलेल्या चराचा पुरावा मात्र महाराष्ट्रात आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव इथे डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीलगत एक मोठा बांध आणि त्याच्या जोडीनं खणलेला पाट सापडला. तो हद्दीचा चर नव्हता; पुराचं पाणी वळवून शेतीला देण्यासाठी तो होता, असा उत्खनन करणाऱ्यांचा निष्कर्ष आहे. फेनगेटचे पहिले चर खणले गेले, जवळपास त्याच सहस्रकातलं हे काम.